स्टँडला लावलेली सायकल

आप्पा,

काल दुपारी तुमची सायकल मला भर रस्त्यात आडवी उभी दिसली. त्याच जागी, जुन्या कंपनीच्या फाटकासमोर. मागचं चाक अधांतरी, हँडल थोडं डावीकडे कललेलं, आणि आसपास तिचा म्हणून कुणी माणूस नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटावे लागतात, आणि इथे डोळे उघडे असताना तुमची सायकल मुंबई-पुणे रस्ता अडवून उभी. मी स्कूटरवर होतो. होय, स्कूटर घेतली मी. त्यावर तुम्ही जे बोलला असतात ते मीच स्वतःला बोलून घेतलंय. आज गुरुवार, कंपन्यांना सुट्टी, रस्ता ओस पडलाय, तरी माझ्या कानातून तो ब्रेकचा आवाज जात नाही. लोकांना टोचून बोलण्यावर माझं घर चालणार हे तुमच्या हयातीतच ठरलं होतं. ‘या जिभेइतकी धार असलेलं मशीन आमच्या खात्यात न्हाई,’ असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात. काल त्या जिभेला एक शब्द सुचला नाही.

बासष्ट-त्रेसष्टचे दिवस आठवतात. साताऱ्याकडचं गाव सोडून तुम्ही इथे टर्नर म्हणून लागलात आणि पाठोपाठ तुमच्या शब्दावर मला स्टोअरमध्ये कारकून म्हणून चिकटवलंत. कंपनी रस्त्याच्या त्या अंगाला, आपल्या दोन खोल्या या अंगाला, आणि मधून दोन्हीकडे पळणारे ट्रक. ज्याने कुणी या भागाचा नकाशा काढला असेल त्याने कारखाने काढले, घरं काढली, रस्ता तर फारच सुरेख काढला. कारखान्यातून सुटलेला माणूस घरी जातो, एवढंच बिचाऱ्याच्या ध्यानात राहिलं नाही. पहिल्या शिफ्टचा भोंगा होतो. फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडतो आणि डांबराच्या कडेला येऊन थबकतो. हँडलला डबे, पायजम्याला क्लिपा, हाताला ऑइलचा वास. समोर घर दिसतंय, घराच्या दारात वाळत घातलेलं लुगडंसुद्धा दिसतंय, आणि मधली ट्रकांची रांग काही संपत नाही. मग मागून कुणीतरी ओरडतं, “आडवी कुणाची रं आज?”

ज्याचा नंबर असेल तो ट्रकांमधली फट बघून सायकल रस्त्याच्या मध्यावर न्यायचा, आडवी करायचा, मागे ओढून स्टँडला लावायचा आणि चालत बाजूला व्हायचा. सगळी शिफ्ट पलीकडे गेली की शेवटी जाऊन ती काढायची. सिग्नल नाही, हवालदार नाही, पाटी नाही. स्टँडचा खट्ट आवाज, की ट्रक थांबायचे. आयमाय काढत थांबायचे, पण थांबायचे. पुढे मी रस्त्यांवर, खात्यांवर, उद्घाटनांवर पुष्कळ वाकडंतिकडं लिहिलं, पण वाहतूक नियंत्रणाचं इतकं स्वस्त यंत्र मला पुन्हा कुठे आढळलं नाही. त्याला वंगण सोडून काही लागायचं नाही.

माझा पहिला नंबर आला त्या दिवशी मी सायकल आडवी केली, पण स्टँडला लावली नाही. कारकुनाचा स्वभाव, सरकारी वस्तू नसली तरी हातातून सुटू नये वाटतं. हँडल घट्ट धरून मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, एखादा पुतळा उभा करावा तसा. मुंबईकडून एक ट्रक आला. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि पुतळा सायकलीसकट पळाला. निम्मी शिफ्ट त्या वेळी रस्त्याच्या पोटात होती. माणसं कशीबशी बाजूला झाली. तुमच्याबरोबर रोज जेवायला बसणाऱ्या वेल्डरकाकांचा डबा मात्र खाली पडला आणि ट्रकच्या चाकाखाली त्याची भाकरी झाली. काकांनी तो उचलला, दोन्हीकडून बघितला आणि तुम्हाला म्हणाले, “राव, पोरगा तुमचा, पण डबा माझा गेला.” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत आणि बोललाही नाहीत. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी मी नळाची बादली घेऊन स्वयंपाकघरात शिरत होतो. तुम्ही आईच्या शेजारचा पाट उचललात, दारात आडवा उभा केलात आणि परत चुलीशी जाऊन बसलात. मी बादली घेऊन उंबऱ्यावर थांबलो. पाणी हिंदकळून पायावर पडतंय, आणि तुम्ही बशीतला चहा फुंकताय.

“का थांबलास रं?”

“पाट आहे मधे.”

“आन् तितं मी हुबा असतो तर?”

“तर सरका म्हटलं असतं.”

“मंग?” एवढंच म्हणालात. चहाचा घोट घेऊन पुढे सांगितलंत की ट्रकवाल्याला माणसाचं भ्या न्हाई, कारण माणूस पळतो हे त्याला पक्कं ठाऊक असतंय. सायकल पळत न्हाई. तीही तू हातात धरलीस तर त्याला वाटतं हा काढील, म्हणून तो येतच राहतो. स्टँडला लावलेली सायकल कुणी काढणार न्हाई, हे त्याला लांबनं कळतं. “आन् त्याच्याकडं बघायचं न्हाई. पाठ करून हुबं ऱ्हायचं. हॉर्न वाजवला तरी वळायचं न्हाई. हॉर्न वाजवणाऱ्याच्या मनात थांबायचं नसतंय. ज्याला थांबायचंय त्यो गप थांबतो.”

“तुमचं तत्त्वज्ञान झालं आसल तर पाट द्या हिकडं,” आई म्हणाली. “पोरगं कवाधरनं बादली घिऊन हुबं हाय.”

नंतर माझा नंबर आला की मी खट्ट करून स्टँडला लावायचो आणि पाठ फिरवून उभा राहायचो. मानेवरचे केस ताठ व्हायचे, पण वळायचो नाही. एकदा देहूरोडकडून लष्कराच्या गाड्यांचा ताफा आला होता तो आठवतो? तुमचाच नंबर होता. पुढची जीप सायकलीपाशी थांबली, मिशीवाले एक सुभेदार खाली उतरले, सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि गरजले, “किसकी है ये साइकिल?” शत्रूने पेरून ठेवली की काय, असा सूर होता. तुम्ही बाजूला अंगठ्याने तंबाखू मळत उभे. म्हणालात, “शिफ्ट की है, साहब.” सुभेदारांनी एकदा सायकलीकडे बघितलं, एकदा समोरून जाणाऱ्या आमच्या त्या कळकट पलटणीकडे बघितलं, आणि ते चक्क वाट बघत उभे राहिले. मागे सबंध ताफा. मी तेव्हाच मनात म्हटलं, या देशात तोफा थांबवायच्या असतील तर मागचा स्टँड मजबूत पाहिजे.

तुम्ही गेलात ते काविळीने, खाटेवर. अंगावर रस्त्याचा एक ओरखडा नव्हता. नातीला दांडीवर बसवता यावं म्हणून लहानशी गादी लावली होतीत, ती तेवढी सायकलीवर राहिली. पुढे मी कंपनी सोडून पुण्यात छापखान्यात लागलो आणि पेपरात लिहू लागलो. सायकल घराच्या मागे पत्र्याखाली उभी राहिली.

तुमच्यामागे फाटकासमोर एक हवालदार आला. खरा, शिट्टीवाला. लोकांना इतका आनंद झाला की आडवी कुणाची हा प्रश्नच संपला. त्याने हात वर केला की लोंढा निघायचा. सवय अशी झाली की कुणी रस्त्याकडे बघेना, सगळे त्याच्या हाताकडे बघायचे. आणि मग एक दिवस त्याला कुठल्याशा मोठ्या माणसाच्या दौऱ्याला नेला, तो परत आलाच नाही. आपली माणसं मात्र तो तिथे असल्यासारखी भोंगा झाला की सरळ निघायची. पायाला लागलेली सवय, आप्पा. तिला हवालदार नाही हे कळायला वेळ लागला. त्याच आठवड्यात वेल्डरकाका गेले. डबा या वेळी हँडललाच राहिला. मी बघायला गेलो होतो, त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

नंतर रस्ता रुंद झाला. मधे दुभाजक आला. आणि वर्षभरापूर्वी ज्यांच्याकडे रस्ता आहे त्या खात्याने कडेला पांढरा पट्टा मारून जाहीर केलं की हा सायकलवाल्यांचा मार्ग. फीत कापली, नारळ फोडला, पाहुणे मोटारीतून आले आणि त्या मोटारी पट्ट्याच्या आत लावल्या, कारण तिथे जागा मोकळी होती. दुसऱ्या दिवसापासून ट्रक लागले. एके ठिकाणी पट्टा विजेच्या खांबापर्यंत येतो, तिथे थांबतो आणि खांबाच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो. सायकलवाल्याने खांबातून कसं जायचं ते देह सोडलेल्या आत्म्याला विचारावं. मी यावर लेख लिहिला. लोक फार हसले. त्या खात्यातले एक साहेब लग्नात भेटले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, “काय खुसखुशीत लिहिता हो तुम्ही! आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचला.” मी लाजून थँक्यू म्हटलं. खांब तिथेच आहे.

आता कालचं. तुमची नात, जिला तुम्ही दांडीवरच्या गादीवर बसवून कॉलनीत फिरवायचात, ती जुन्या कंपनीच्या शेजारीच रेडिओचे भाग जोडणाऱ्या कंपनीत लागली आहे. सगळ्या मुलीच आहेत तिथे. तिने पत्र्याखालून तुमची सायकल काढली, धुतली, टायर बदलले. मी म्हटलं पोरीने दांडीची सायकल कशी चालवायची, तर म्हणाली पाय टाकून. मी एकच कबूल करून घेतलं होतं: फाटकासमोर रस्ता ओलांडायचा नाही, मोठ्या चौकात सिग्नलला वळून यायचं. ती ‘हो बाबा’ म्हणाली. मुली ‘हो बाबा’ म्हणतात तेव्हा बापाने खोलात जायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काल मी पुण्याहून लवकर निघालो. फाटकाजवळ आलो तर समोर रस्त्यात सायकल. ब्रेक दाबला. स्कूटर घसरत घसरत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली, माझा एक बूट निघून मागे राहिला. आणि मग मला दिसली ती गादी. उन्हाने चिरलेली, एका बाजूला फाटलेली, तुम्ही चामड्याच्या वादीने बांधलेली. मी जागचा हललो नाही. माझ्या पुढून मुलींची रांग दुभाजकाकडे चालली होती. वेण्या, डबे, कुणी गप्पा मारतंय, कुणी चिंचा खातंय. कुणीतरी दुभाजकाचे दोन दगड सरकवून सायकलीपुरती फट केली आहे, त्यातून एकेक सायकल पलीकडे जात होती. आणि कडेला ओढणीला गाठ मारून, ट्रकांकडे आणि माझ्याकडे पाठ करून, एक मुलगी उभी होती. तिने शेवटची मैत्रीण गेल्यावर वळून बघितलं.

“अगं बाई! बाबा? तुमचा बूट कुठाय?”

एवढंच. मग तिने सायकल स्टँडवरून काढली आणि निघून गेली, मागे ट्रक ओरडायला लागले होते म्हणून.

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर तुमच्या सायकलीला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. उद्यापासून बस. नसेल बस तर नोकरी नाही. पोरीची आई माझ्याच बाजूने होती, ती तर देवापुढे दिवा लावून बसली. आईला कसं सांगावं कळेना. म्हाताऱ्या माणसाला धक्का बसेल म्हणून मी घुमवून फिरवून सुरुवात केली. आई तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि विचारलं, “स्टँडला लावली हुती न्हवं?”

“हो.”

“पाठ करून हुबी हुती?”

“हो. पण आई...”

“मंग झालं की.” आणि एक खडा काढून बाजूला टाकला.

काल मला बसलेला दुसरा धक्का तो. सायकल बघून बसला त्याहून थोडासाच कमी. मला वाटलं तिनेच नातीला हे शिकवलं. तर तसंही नाही. आज सकाळी पोरगी किल्ली मागायला आली तेव्हा विचारलं, तर तिला तुमचं काही ठाऊकच नव्हतं. आजीने चकार शब्द काढलेला नाही. रोज दुपारी गॅलरीतून तेवढं बघते.

“शिकवायला कशाला पाहिजे, बाबा? चौकातून वळलं की त्या पट्ट्यातून यायचं. पट्ट्यात ट्रक उभे. ट्रकला वळसा घालायचा म्हणजे रस्त्याच्या मधे यायचं, मागून येणारा तर बघतच नाही. आमच्यातली एक अशीच पडली, हात मोडला तिचा. मग आम्ही फाटकासमोरून यायला लागलो. आधी मी सायकल हातात धरून उभी राहायचे. थांबत नाहीत हो. त्यांना वाटतं, ही काढेल. एक दिवस वैतागून स्टँडला लावली आणि बाजूला झाले. तर थांबले!” मग हसून म्हणाली, “पण रस्ता रुंद केलाय ना, आता एक सायकल पुरत नाही. पलीकडच्या अर्ध्याला दुसरी लागते. तिकडे कुणी उभं राहायला तयार नाही.”

हे ऐकल्यापासून मी हिशेब मांडतोय, आप्पा. वीस वर्षं. त्या वीस वर्षांत रस्त्याला डांबर किती लागलं असेल, फिती किती कापल्या गेल्या, मी लेख किती पाडले. आणि माझी मुलगी त्या रस्त्यावर उतरली तेव्हा तिच्या हाताला जे लागलं ते तुमच्याच हातचं होतं. रुंदीकरणाने फरक पडला तो एवढाच, की एका सायकलीचं काम दोन सायकलींचं झालं. यावर लिहायचं म्हटलं तर लोक पुन्हा हसतील. तो साहेब पुन्हा मोठ्याने वाचेल.

ती जाताना म्हणाली, “काल मागे कुणीतरी कसला हॉर्न मारत होता, बाबा. कानाचे पडदे फाटले. मी वळले नाही. तुमच्या मागेच असेल ना तो?”

“असेल,” मी म्हटलं.

“तुम्ही मात्र बरोबर थांबलात,” ती म्हणाली.

दुपारी मी किल्ली काढली आणि पत्र्याखाली गेलो. साखळी सोडली. स्टँड लावून बघितला तर डावीकडे झुकत होता. स्प्रिंग ढिली झाली होती, काल हँडल कललेलं दिसलं ते त्यानेच. जुनी स्प्रिंग काढली, नवी बसवली, जोराने लाथ मारून बघितली, सायकल हलली नाही. किल्ली खिळ्याला अडकवली, तिला दिसेल अशी. उद्या पहिली शिफ्ट आहे. नाक्यावरच्या दुकानात भाड्याने मिळणाऱ्या सायकली बघून आलो, मागचा स्टँड घट्ट असलेली एक बाजूला ठेवायला सांगितली. दुकानदार म्हणाला, “साहेब, स्कूटर पंक्चर का?” मी हो म्हटलं.

स्प्रिंगचं ग्रीस या कागदाला लागलंय, तुमच्या नावावरच बोट उमटलं आहे. आता हा कुणाला दाखवण्यासारखा राहिला नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकतो आणि आपल्या हाताने चुलीत घालतो. वर मी लिहिलं की सायकल बघितली आणि ब्रेक दाबला. घरातही तेच सांगितलंय. ती तुमची आहे हे मला थांबल्यावर दिसलं. लांबून ती नुसती कुणाची तरी सायकल होती, माझ्या वाटेत आलेली, आणि बाजूला पाठ करून उभी असलेली कुणाची तरी पोरगी. मी आधी हॉर्न वाजवला, आप्पा. चांगला लांबवून वाजवला.